जयपूरचे जवाहीर : पाहणारे आणि मागणारे

जयपुरास बदली झाल्याचा हुकूम हाती पडला तेव्हा आमच्या घरात दोन प्रकारच्या चिंता एकाच वेळी उत्पन्न झाल्या. आम्हांस चिंता पडली ती उन्हाळ्याची, पाण्याची आणि मुलांच्या शाळेची. घरातील मंडळींस पडली ती जोहरी बाजाराची. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात बिऱ्हाड हलविणाऱ्या मराठी माणसाला नव्या गावाची ओळख प्रथम तेथल्या भाजीबाजारात होते, असा आमचा आजवरचा अनुभव होता. जयपूर त्याला अपवाद ठरले. येथे पाहुणा आला की पहिल्या दिवशी हवामहाल, दुसऱ्या दिवशी आमेर आणि तिसऱ्या दिवशी खडे, हा क्रम इतका ठरून गेला आहे की तो मोडण्याचा प्रयत्नही आम्ही आता करीत नाही. तिसऱ्या दिवशी आमचे काम एवढेच असते, की पाहुण्याचा हात पाकिटाकडे जाण्यापूर्वी चहाच्या मिषाने त्यास दुकानाबाहेर काढावयाचे.

या शहरात २००४ सालापासून दर डिसेंबरात जवाहिराचे एक मोठे प्रदर्शन भरते. अलीकडे ते शहराच्या दक्षिणेस सीतापुऱ्यातील विस्तीर्ण प्रदर्शनगृहात भरत असते. नाव नोंदवावे, गळ्यात चिठ्ठी अडकवावी आणि आत शिरावे. आत दिवस आहे की रात्र हे कळू नये असा लखलखाट. व्यापारी आपापल्या मेजाशी चिमटा आणि भिंग घेऊन बसलेले असतात आणि ज्यांना काही घ्यावयाचे नाही असे आमच्यासारखे लोक मधल्या वाटांनी जत्रेत फिरावे तसे फिरत असतात.

अशाच एका प्रदर्शनास आमच्यासोबत आमच्या कचेरीतील एक शिपाई आणि त्याची पत्नी आली होती. बाई टोंककडच्या खेड्यातली. हिऱ्यांच्या काचपेट्यांपुढून ती ओढणी सावरीत झपझप पुढे गेली. पाचूंपुढे क्षणभर थांबली. पुढे एका मेजावर पिरोजाचे खडे नुसते परातीत ओतून ठेवावेत तसे ठेवले होते, तेथे मात्र तिचे पाय खिळले. आम्ही पाहिले तर तेथेच सर्वांत दाट गर्दी होती. तिने एक खडा उचलला, ओढणीच्या काठावर ठेवून पाहिला, पुन्हा उचलून दुसऱ्या रंगावर ठेवला. नवरा ओशाळून तिला पुढे चलण्याची खूण करू लागला, तेव्हा मेजामागचा वृद्ध जवाहिऱ्या हसून म्हणाला, "देखने का कोई मोल नहीं, बाईसा."

वाक्य शिष्टाचाराचे होते आणि व्यापाराचेही होते. पाहणाऱ्यातूनच उद्याचा घेणारा निघतो हे त्या वृद्धास ठाऊक असणार. तथापि इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाचे एक दुर्दैव असते. साधे बोलणेही त्याच्या मनात जुन्या सनावळ्या जागे करते. पाहण्याला मोल नाही हे जयपुरात नेहमीच खरे होते काय? आणि विशेषतः मराठी माणसाच्या बाबतीत?

परंतु आधी त्या परातीतल्या खड्यांविषयी. पिरोजा हा नवरत्नांपैकी नव्हे. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या ही पंगत आपल्याकडे फार पूर्वीच बसून गेली होती. पिरोजा मागाहून आला आणि त्याला पाट मिळाला नाही. बृहन्महाराष्ट्रात पंगतीच्या कडेस बसावयाची सवय झालेल्या आम्हां लोकांस त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. त्याचे नावसुद्धा परभाषेतले. फारसीत फिरोज म्हणजे विजयी. आपल्या ग्रंथकारांनी त्याचे 'पेरोज' केले. दिल्लीस अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात ठक्कुर फेरू नावाचा एक श्रीमाल जैन अधिकारी होता. त्याने १३१५ च्या सुमारास आपल्या मुलासाठी रत्नपरीक्षेवर एक प्राकृत ग्रंथ रचला. जुन्या शास्त्रकारांनी सांगितलेली रत्ने सांगून झाल्यावर त्याने लाल, अकीक आणि पिरोजा हे पारशी मुलखातले खडे निराळे काढून वर्णिले आहेत. शास्त्रात नाही म्हणून खजिन्यात आलेली वस्तू नाकारावयाची नाही, आणि खजिन्यात आली म्हणून तिला शास्त्रात घुसडावयाचेही नाही, ही त्या सरकारी माणसाची शिस्त आम्हांस फार आवडली. असा शेरा आजच्या कचेरीतही क्वचितच वाचावयास मिळतो.

उत्तम पिरोजा येत असे तो इराणातील निशापूरच्या खाणींतून. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आणि इराणात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तेथल्या जुन्या आणि नव्या खाणींचा भेद लिहून ठेवला आहे. जुन्या खाणीचा माल इराणचा शहा स्वतःसाठी राखून ठेवीत असे. युरोपीय लोकांस तो तुर्कस्तानच्या वाटेने मिळे, म्हणून त्यांनी त्याला तुर्की दगड म्हटले. माल एका देशाचा आणि नाव वाटेवरच्या देशाचे, ही तऱ्हा व्यापारात नवी नाही.

खनिजशास्त्राच्या दृष्टीने पिरोजा म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे, अंगात पाणी धरून असलेले फॉस्फेट. तांब्याने त्यास निळाई येते. लोहाचा अंश शिरला की तो हिरव्याकडे झुकतो. कठीणपणाच्या मापात हिरा १० धरला तर पिरोजा ५ आणि ६ यांच्या दरम्यान बसतो, म्हणजे काचेच्याच आसपास. त्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून त्याला पैलू पाडण्यात अर्थ नसतो; घुमटासारखा गोल घोटला की झाले. हिऱ्याचे सौंदर्य बव्हंशी सहाणेवर जन्मते आणि ते नीट पारखावयास भिंग लागते. पिरोजाचे सगळे भांडवल त्याच्या अंगावर असते आणि ते दहा पावलांवरून कोणालाही दिसते. त्या खेड्यातल्या बाईला हिऱ्यांच्या पेटीपुढे आपण अडाणी आहोत असे वाटले असेल; परातीपुढे तसे वाटण्याचे कारणच नव्हते. रंगाची पारख तिला आमच्यापेक्षा अधिक होती.

शिवाय जयपूरच्या माणसाच्या डोळ्याला हा रंग घरचा आहे. येथली निळी भांडी प्रसिद्धच आहेत. ती कुंभाराच्या मातीची नसतात. गारगोटीची पूड, काच आणि मुलतानी माती यांच्या लगद्याची असतात, आणि त्यांवरचा फिकट निळा रंग तांब्याच्याच भस्माने उमटतो. गडद निळा येतो तो कोबाल्टाने. उत्तरेस खेत्रीच्या तांब्याच्या खाणींत सापडणारे कोबाल्टाचे खनिज येथले मीनाकार पूर्वी सोन्यावरच्या निळ्या रंगासाठी वापरीत. त्याला ते सेहता म्हणत. पृथ्वीच्या पोटात तांब्याने जे लाखो वर्षांत साधले तेच भट्टीत एका रात्रीत साधण्याची खटपट या शहरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

आता त्या सनावळीकडे वळू.

सवाई जयसिंहाने हे शहर १८ नोव्हेंबर १७२७ रोजी वसविण्यास आरंभ केला. सरळ रुंद रस्ते, चौरस पेठा, प्रत्येक धंद्याला ठरलेली जागा, अशी रचना हिंदुस्थानात तेव्हा अपूर्व होती. आणि त्या रचनेतच जोहऱ्यांचा बाजार मुख्य रस्त्यावर आला. हे नवे शहर पाहिलेल्या पहिल्या नामांकित मराठी व्यक्तींत एका स्त्रीचे नाव येते. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, त्या वेळी उदेपूर, नाथद्वारा करीत त्या जयपुरास आल्या आणि जयसिंहाने त्यांचा मोठा सत्कार केला. शहर अवघे आठ वर्षांचे होते. पेशव्यांच्या मातोश्रींनी जोहरी बाजाराकडे दृष्टी टाकली की नाही याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. मात्र आमच्या घरातील मंडळींचे त्याविषयीचे मत ठाम आहे.

पुढे १७४३ साली जयसिंह वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा कलह लागला. मेवाडचा राणा माधोसिंहाच्या आजोळचा. मराठे दोन्ही बाजूंनी बोलावले जात आणि दोन्ही बाजूंनी रक्कम ठरवून घेत. शिंद्यांचा ओढा एकीकडे, होळकरांचा दुसरीकडे. १७४७ च्या मार्चमध्ये बनास नदीकाठी राजमहाल येथे लढाई झाली आणि ईश्वरीसिंह जिंकला. त्या विजयाचा मनोरा, इसरलाट, आजही त्रिपोलियाजवळ उभा आहे. योगायोग असा की राजमहालचा तो परिसर तामड्यासाठी, म्हणजे तांबड्या गार्नेटसाठी, प्रसिद्ध आहे. जेथे माणसे रक्ताने माखली तेथलीच भूमी डाळिंबाच्या दाण्यासारखे खडे देते, असे एखाद्या कवीने म्हटले असते. आम्ही फक्त नकाशावर दोन्ही खुणा एका ठिकाणी आल्या एवढेच नोंदवितो.

विजय टिकला नाही. कबूल केलेली खंडणी ईश्वरीसिंहास देता येईना. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर वसुलीसाठी जयपुराजवळ येऊन ठेपले, तेव्हा त्या राजाने विष घेतले आणि नागाकडून दंश करवून घेतला. माधोसिंह गादीवर आला तो मराठ्यांच्या आधाराने. पण आता ते आपल्याकडे काय मागतील या धास्तीतच आला. १७५१ च्या जानेवारीच्या आरंभी जयाप्पा शिंदेही फौजेनिशी येऊन पोहोचले. मागण्या वाढल्या.

आणि १० जानेवारीला मराठी छावणीतली काही हजार माणसे शहरात गेली. लढावयास नव्हे, पाहावयास. नवे शहर पाहावे, देवळांत दर्शन घ्यावे, जमल्यास थोडा बाजार करावा, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांत सरदार होते, ब्राह्मण होते, चाकरमाणसे होती, बायकामुलेही होती. दुपारच्या सुमारास वेशी लागल्या आणि कत्तल सुरू झाली ती मध्यरात्रीपर्यंत चालली. यदुनाथ सरकारांनी मेलेल्यांचा आकडा सुमारे ३,००० आणि जखमींचा सुमारे १,००० दिला आहे. तटावरून उड्या टाकून कित्येकांनी हातपाय मोडून घेतले. शहराबाहेर खेड्यांतल्या लोकांनी वाटेवरचे जासूदही सोडले नाहीत. माधोसिंहाने कानांवर हात ठेवले. शिंदे-होळकरांस पुढे दिल्लीच्या वजिराचे बोलावणे आले आणि ते निघून गेले.

ही हकीकत आमच्या शालेय इतिहासात आलीच तर एका वाक्यात येते आणि ते वाक्य विश्वासघाताचे असते. इकडे तीच गोष्ट सांगितली जाते ती सोसलेल्या जाचाच्या सुडाची म्हणून. आम्हांस दोन्ही कथा अपुऱ्या वाटतात. मारले गेलेले लोक निःशस्त्र म्हणावे असेच होते आणि त्यांस मारणे हे अघोर कृत्य होते, याविषयी शंका नाही. पण वेशीबाहेर फौज उभी करून आत बाजार पाहावयास जाणारा माणूस स्वतःच्या मनात कितीही निरागस असला, तरी बाजाराच्या नजरेत तो पाहणारा राहत नाही. त्या दुपारी जोहरी बाजारातल्या दुकानदाराने समोर उभ्या राहिलेल्या मराठ्याकडे पाहिले असेल तेव्हा त्यास काय दिसले असेल? महिन्यापूर्वी आपल्या राजाने ज्यांच्या धाकाने विष घेतले त्यांच्यापैकी एक जण आपल्या मालावरून बोट फिरवीत आहे, हेच ना? तो मराठा मात्र कदाचित गावी असलेल्या लेकीसाठी एखादा खडा पसंत करीत असेल. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि म्हणूनच ही गोष्ट आम्हांस विश्वासघाताच्या कथेपेक्षा अधिक दुःखाची वाटते.

इसरलाटेच्या माथ्यावरून जुन्या शहराचा सगळा विस्तार दिसतो. पहिल्यांदा वर चढलो तेव्हा बरोबरच्या मंडळींनी हवामहाल कोठे, चांदपोळ कोठे अशी विचारपूस चालविली होती. आम्ही तटाची रेषा शोधीत होतो.

मागणारा दाराशी असला की धनी आपले धन झाकतो. जयपूर दरबारच्या जवाहिराविषयी ज्या दंतकथा आहेत त्या सगळ्या झाकण्याच्या आहेत. जयगडावरच्या खजिन्यावर मीणा लोकांचा पहारा असे. प्रत्येक राजास जन्मात एकदाच आत जाऊ देत आणि एकच वस्तू निवडून घेऊ देत, असे सांगतात. या कथेचा मोह एवढा जबर की १९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, सरकारने जयगडावर कित्येक महिने खोदकाम केले. काही सापडल्याचे जाहीर झाले नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी सरकारी अहवाल लिहिलेले आहेत. 'शोध घेतला, आढळून आले नाही' असे शेवटी लिहिताना त्या अधिकाऱ्यांच्या मनाची स्थिती काय झाली असेल, ती त्यांस सांगावयास नको.

झाकलेले जवाहीर सर्वांस दाखवावे, आणि ते दाखविण्यासाठीच मांडावे, ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली आणि तीही विलायतेच्या वाटेने. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात कोहिनूर सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता. लोक रांगा लावून आले आणि हिरमुसले होऊन गेले. तो हिरा त्यांस काचेच्या तुकड्यासारखा भासला. भोवती वायूचे दिवे लावले, आरसे लावले, तरी लोकांचे समाधान होईना. पुढच्या वर्षी त्यास पुन्हा कापले आणि १८६ कॅरटांचा हिरा १०५ कॅरटांच्या आसपास आला. मोगलांनी, इराण्यांनी, अफगाणांनी आणि शिखांनी ज्याच्यासाठी राज्ये पणास लावली त्याचे वजन प्रेक्षकांच्या नापसंतीनंतर निम्म्याच्या जवळ आले, ही गोष्ट आम्हांस जितकी हास्यास्पद तितकीच मोठी अर्थपूर्ण वाटते.

जयपुरात ही कल्पना रुजविली ती एका डॉक्टराने. टॉमस होल्बीन हेंडले हा येथल्या रेसिडेन्सीचा सर्जन. महाराजा दुसरे रामसिंह यांच्या अखेरच्या दिवसांत येथे वस्तुसंग्रहालयाचा विचार चालू झालाच होता. अल्बर्ट हॉलचा पाया ६ फेब्रुवारी १८७६ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते घातला गेला होता, परंतु त्या इमारतीचा उपयोग काय करावयाचा हे ठरले नव्हते. पुढे दुसरे माधोसिंह गादीवर असताना १८८३ च्या आरंभी हेंडलेने एक मोठे औद्योगिक प्रदर्शन भरविले. मीनाकाम, जडावाचे दागिने, शस्त्रे, भांडी, गालिचे, विणकाम, देशभरातून मागविलेले उत्तम नमुने आणि त्यांजबरोबर जुन्या पोथ्यांतली चित्रे. दोन महिन्यांत दोन लाखांहून अधिक माणसे येऊन गेली. खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून लोक आले. हेंडलेने त्या प्रदर्शनाचा वृत्तांत चार जाड खंडांत छापला, आणि १८८६ साली अभियंता स्विंटन जेकब याच्या साहाय्याने जयपूरच्या मीनाकामावर स्वतंत्र पुस्तक काढले. प्रदर्शनातल्या पुष्कळशा वस्तू १८८७ साली अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या. त्या आजही तेथे पाहावयास मिळतात.

हे प्रदर्शन जेथे भरले ती इमारत म्हणजे नया महाल. पुढे ती सवाई मानसिंह टाउन हॉल झाली आणि स्वातंत्र्यानंतर राजस्थानची विधानसभा २००१ पर्यंत तेथेच बसत असे. ज्या दालनांत जडावाचे हार मांडले होते तेथे पुढे अर्धशतकभर अंदाजपत्रके मांडली गेली. दोन्ही प्रसंगी आकडे मोठे असत.

हेंडलेचा हेतू निव्वळ करमणुकीचा नव्हता. विलायती नमुन्यांच्या नकला करकरून येथला कारागीर आपले जुने कसब विसरत चालला आहे, त्याच्यापुढे त्याच्याच पूर्वजांचे उत्तम काम ठेवले पाहिजे, असे तो म्हणे. यात परक्या राज्यकर्त्याची वडीलकी आहेच. हिंदी कारागिरास त्याचे कसब गोऱ्या डॉक्टराने दाखवावे लागावे, हे वाचताना आम्हांसही बोचते. तथापि त्या दोन महिन्यांत एक गोष्ट घडली तिचे श्रेय नाकारता येत नाही. जे आजवर राजा, त्याचा भांडारी आणि जोहरी यांनीच पाहिले होते ते तेल्यातांबोळ्यांनी पाहिले. आणि ते पाहून घरी जाताना त्यांजकडे कोणी संशयाने पाहिले नाही. १७५१ च्या जानेवारीपासून १८८३ च्या जानेवारीपर्यंत १३२ वर्षांचे अंतर पडते. हिशेब आम्ही सहजच केला आणि मग तो मनातून जाईना.

मराठी राजांचे जवाहीरही याच वाटेने लोकांपुढे आले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करविला. मदिनेस पैगंबरांच्या समाधीवर घालण्यासाठी तो होता असे म्हणतात. बसऱ्याची लक्षावधी बारीक मोती आणि त्यांत हिरे, माणके, पाचू. तो मदिनेस गेला नाही. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात तो मांडला तेव्हा लोक त्याभोवती गोळा झाले, आणि २००९ साली दोहा येथील लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरांस विकला गेला. आता तो पाहावयाचा तर आम्हांस सुट्टी, पारपत्र आणि धन्याची मर्जी ही तिन्ही मिळवावी लागतील. प्रदर्शनाचे दार दोन्ही बाजूंनी उघडते, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्यातून लोक आत येतात तसे जवाहीर बाहेरही जाते.

जयपुरातून मात्र माल बाहेर गेला तरी हात येथेच राहिले, हे या शहराचे खरे बळ. राजस्थानात पाचूच्या खाणी निघाल्या त्या १९४३ मध्ये, मेवाडात कालागुमान येथे. तोवर आणि त्यानंतरही येथली सहाण फिरली ती बाहेरून आलेल्या दगडावर. कच्चा पाचू आज झांबियाहून येतो, ब्राझीलहून येतो, आणि रामगंजच्या गल्ल्यांतून घोटला जाऊन जगभर जातो. कुंदनाचे काम तर एका हाताचे नव्हेच. एक जण घाट घडवितो, दुसरा नक्षी कोरतो, तिसरा मीना भरतो, चौथा पोकळीत लाख भरून तीवर खडा बसवितो आणि भोवती शुद्ध सोन्याचा तलम पत्रा दाबून त्यास जखडतो. मीन्याचे रंगही क्रमाने भरतात. ज्यास आच अधिक सोसते तो पांढरा आधी आणि सर्वांत नाजूक तांबडा शेवटी, नाहीतर तांबडा जळून जातो. दागिन्याच्या पाठीमागे, जेथे फक्त नेसणारीच्या त्वचेस कळणार, तेथे हे लोक सर्वांत सुंदर मीना करतात. काचपेटीत दागिना ठेवला की ती बाजू झाकली जाते. चांगल्या संग्रहालयात खाली आरसा ठेवतात.

संध्याकाळी गोपालजी का रास्ता या गल्लीत गेलात तर दलाल रस्त्यातच उभे राहून कागदाच्या पुड्या उघडून एकमेकांस खडे दाखवीत असतात. लाखांचा माल खिशातून निघतो आणि खिशात जातो. पावती नाही, काच नाही, पहारेकरी नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चोरट्यासारखे कडेने चाललो होतो. कोणी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आमच्या चेहऱ्यावर आमचा पगार लिहिलेला असावा.

याच भागातल्या एका दुकानात, ज्याचे नाव सांगण्यात काही स्वारस्य नाही, आम्ही आल्याच्या पहिल्या वर्षी एक पिरोजाची अंगठी घेतली. निशापुरी म्हणून घेतली. रंग असा निर्मळ की आमच्याच डोळ्यांवर आम्हांस गर्व झाला. पुढे एका जाणत्या स्नेह्याने शंका काढली, म्हणून येथे १९७२ पासून असलेल्या रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत ती तपासून घेतली. रंगविलेला मॅग्नेसाइट निघाला. पांढऱ्या सच्छिद्र दगडास निळा रंग पाजून पिरोजा म्हणून विकण्याची रीत जगभर आहे. खऱ्या पिरोजासही पुष्कळदा मेण किंवा राळ मुरवून टणक करतात, कारण न मुरविलेला उत्तम खडा दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. अमेरिकेतील ॲरिझोनाची 'स्लीपिंग ब्यूटी' नावाची प्रसिद्ध खाणदेखील २०१२ मध्ये बंद झाली. हे सगळे ज्ञान आम्हांस अंगठी घेतल्यावर प्राप्त झाले. घरातील मंडळींनी फक्त एवढेच विचारले, की पाहुण्यांना तिसऱ्या दिवशी चहाला बाहेर नेणारे ते आपणच ना?

त्या प्रदर्शनाच्या दिवशी शिपायाच्या पत्नीने अखेर त्या परातीतला एक लहानसा खडा घेतला. नवरा किंमत ऐकून गप्प राहिला आणि मग त्याने खिशात हात घातला. पुढे तो खडा तिने गावच्या सोनाराकडून चांदीत बसवून घेतला. वर्षभराने दिवाळीस ती दोघे आमच्याकडे आली तेव्हा बाईचा चेहरा उतरलेला होता. बोटातली अंगठी काढून तिने आमच्या घरातील मंडळींच्या हाती दिली. तिच्या गावच्या शेजारणी म्हणत होत्या की खडा खोटा आहे, आणि कोणी म्हणत होती की घरावर काही संकट येणार आहे. कारण त्याचा निळा रंग मावळून तो हिरवट होऊ लागला होता.

आम्ही तो खिडकीशी नेऊन पाहिला. रांधण्याचे तेल, हाताचा घाम, धुण्याचा साबण, सगळे त्याच्या अंगात मुरले होते. ज्यास राळ किंवा मेण पाजलेले नाही असा पिरोजा हे सारे पिऊन घेतो आणि हिरवा पडतो. म्हणून तिला सांगितले, की बाई, तुझा खडा खरा आहे. तिला पटेना. मग मंडळींनी आमच्या मेजाचा खण उघडून आमची अंगठी काढली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. आमची घेतली त्या दिवशी होती तितकीच निळी होती. बाईने दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि आपली उचलून बोटात घातली.

खणातली अंगठी अजून तेथेच आहे.